नासलेले डबाबंद मासे व मालाविरुद्धचा दावा

अमेरिकेच्या संघ-न्यायालयांतील जुने निवाडे चाळीत असता ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध डबाबंद सामन माशांच्या अमुक पेट्या’ अशा धर्तीची शीर्षके आढळतात. प्रतिवादी मनुष्य नसून माल असावा, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु अन्नशुद्धीच्या कायद्याचे मर्म त्यातच आहे.

१९०६ च्या शुद्ध अन्न व औषधी अधिनियमाने आंतरराज्य व्यापारातील भेसळयुक्त माल न्यायालयामार्फत जप्त करण्याचा अधिकार शासनास दिला. दावा मालाविरुद्ध असल्यामुळे मालकाचा दुष्ट हेतू सिद्ध करावा लागत नाही. मालाची स्थिती कशी आहे, एवढाच प्रश्न उरतो. मालकास मात्र पुढे येऊन आपली बाजू मांडता येते, ज्यूरीही मागता येते. १९११ साली हिपोलाइट एग कंपनीच्या प्रकरणी, अंड्यांचे ५० डबे मुक्कामी पोहोचले होते तरीही ते जप्तीस पात्र ठरतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला.

पूर्णतः वा अंशतः कुजलेल्या पदार्थाचे अन्न भेसळयुक्त होय, हे १९०६ चे तत्त्व १९३८ च्या अधिनियमातही कायम राहिले. माशांच्या बाबतीत येथे एक सूक्ष्म वाद उपस्थित होतो. डब्यात भरण्यापूर्वीच मासा नासला असेल, तर पुढील उष्णतेने जंतू मरतात, डबा फुगत नाही. पण कुजण्याचे परिणाम तसेच राहतात. असे अन्न निर्जंतुक आहे, मग अपाय कोणता, असा प्रश्न मालक करू शकतो. कायद्याचे उत्तर असे की, कुजलेपणा सिद्ध झाला म्हणजे पुरे. अपाय निराळा सिद्ध करण्याची आवश्यकता नाही.

हे उत्तर केवळ किळसेवर आधारलेले नाही. ट्यूना, बांगडा इत्यादी माशांत जंतूंच्या क्रियेने हिस्टिडिनपासून हिस्टामिन तयार होते व ते डबाबंदीच्या उष्णतेने नष्ट होत नाही. चेहरा लाल होणे, डोकेदुखी, अंगावर पुरळ उठणे ही त्याची लक्षणे होत. म्हणजे जंतू मेले तरी त्यांचे विष मागे राहू शकते.

या पद्धतीत एक अडचण आहेच. तपासणीसाठी उघडलेला डबा विक्रीस निरुपयोगी होतो. म्हणून थोड्या नमुन्यांवरून साऱ्या मालाचा निवाडा करावा लागतो, आणि नासलेल्यांबरोबर चांगले डबेही अडकतात. यावर कायद्याने तोड ठेवली आहे: निकालानंतर मालकाने जामीनखत दिल्यास न्यायालय शासकीय देखरेखीखाली माल निवडून वेगळा करण्याची मुभा देऊ शकते. निवडीचा खर्च मालकाचा. ग्राहकाच्या ताटातील संशय दूर करण्याचा भार ग्राहकावर न टाकता विक्रेत्यावर टाकणे, हेच या व्यवस्थेचे खरे प्रयोजन होय.