लाल लघवी आणि काळी रेषा

ऊस तोडणीला आला की बारामती-इंदापूरच्या शिवारात दुखणी पुढे ढकलली जातात. मिनतवारीने टोळी मिळालेली असते, कारखान्याची तारीख हातात असते. अशा दिवसांत साठीच्या शेतकऱ्याला लघवीतून रक्त गेले, तर घरचे उत्तर ठरलेले : उन्हाळी लागली असेल, धन्या-जिऱ्याचे पाणी प्या. दोन दिवसांत लघवी साफ होते आणि विषय मिटतो. कोणी दवाखाना गाठलाच, तर पहिला संशय मुतखड्यावर जातो. पण मुतखडा बहुधा माणसाला लोळवतो. मूत्राशयाच्या कर्करोगातले रक्त अनेकदा काहीही न दुखता येते आणि आपोआप थांबते. माणूस फसतो तो या थांबण्यामुळेच.

जगात दरवर्षी सहा लाखांहून अधिक लोकांना हा आजार नव्याने होतो. बायकांपेक्षा पुरुषांत तो तीन-चारपट जास्त आढळतो, आणि बहुतेक रुग्ण साठीच्या आसपासचे किंवा त्यापुढचे असतात. सर्वांत मोठे कारण धूम्रपान. विडीच्या धुरातली रसायने रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून लघवीत उतरतात, आणि लघवी तासन्‌तास मूत्राशयाच्या अस्तराला लागून राहते. २०१६-१७च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. त्यांतले बहुतेक ती खाणारे किंवा मिश्री लावणारे होते, ओढणारे चार टक्क्यांच्या आत. मिश्रीचा मूत्राशयाशी संबंध विडीइतका पक्का सिद्ध झालेला नाही. तोंडाचे मात्र ती पुरते वाटोळे करते.

दुसरे कारण रंगांच्या कारखान्यांतले. फ्रँकफुर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५मध्ये रंगकामगारांमधल्या या गाठींकडे लक्ष वेधले. तिसरे कारण इजिप्तसारख्या देशांतले : गोड्या पाण्यातल्या गोगलगायींमार्फत पसरणारा शिस्टोसोमा हा परजीवी. याचा एक धागा थेट आपल्या कोकणात येतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणारे रुग्ण सापडले आणि गाडगीळ व शहा यांनी १९५२मध्ये तिथे हा परजीवी असल्याची नोंद केली. भारतातल्या या परजीवी रोगाचे ठिकाण म्हणून आजही गिमवीचेच नाव घेतले जाते.

गाठ आहे एवढे कळून भागत नाही. ती किती खोल गेली आहे, यावर पुढचे सारे अवलंबून असते. मूत्राशयाच्या भिंतीत आत नाजूक अस्तर, त्याखाली सैल थर आणि त्याबाहेर स्नायूचा जाड थर असतो. गाठ स्नायूच्या अलीकडे थांबली असेल, तर ती दुर्बिणीतून खरवडून काढता येते आणि नंतर मूत्राशयात औषध सोडता येते. त्यांतले एक औषध म्हणजे लहान मुलांना क्षयाविरुद्ध टोचतात ती बीसीजी. कॅनडाचे अल्वारो मोरालेस यांनी १९७६मध्ये तिचा हा उपयोग प्रसिद्ध केला, आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही या कामाची बीसीजी बनवते. नव्याने सापडणाऱ्या सुमारे तीन-चतुर्थांश गाठी या गटातल्या असतात. गाठ स्नायूत शिरली की मात्र मार्ग बदलतो. केमोथेरपी देऊन संपूर्ण मूत्राशय काढावे लागते, किंवा निवडक रुग्णांत किरणोपचारांनी ते वाचवायचा प्रयत्न करतात. मूत्राशय काढलेल्या अनेकांना पोटावर लावलेल्या पिशवीसह पुढचे आयुष्य काढावे लागते. इथे तीन महिन्यांहून जास्त उशीर झाला तर जगण्याची शक्यता घटते, हे अनेक पाहण्यांतून दिसले आहे.

ही खोली आजवर मोजली जाते ती दुर्बिणीने. माक्स नित्से यांनी १८७७मध्ये मूत्राशयात पाहण्याचे उपकरण दाखवले, त्याच घराण्यातले हे काम. गाठ खरवडायची, तुकडे पॅथॉलॉजीकडे पाठवायचे आणि अहवालाची वाट पाहायची. पण तुकड्यात स्नायू आलाच नाही, तर गाठ स्नायूत शिरली आहे की नाही ते सांगता येत नाही. मग काही आठवड्यांनी पुन्हा भूल, पुन्हा खरवडणे. इंदापूरच्या माणसासाठी याचा अर्थ पुण्याला जावे की सोलापूरला, हा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून. पुण्याला म्हटले तर जाताना सव्वाशे किलोमीटरच्या वर, बरोबर एक माणूस, दोघांचाही रोजगार बुडालेला.

एमआरआयचे महत्त्व मला इथे वाटते. या यंत्रात क्ष-किरण नसतात. नेहमीच्या १.५ टेस्लाच्या यंत्रातले चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजारपटीहून अधिक असते. त्यात शरीरातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना ६४ मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या रेडिओ लहरींनी डिवचतात आणि ती जे संदेश परत देतात त्यांतून चित्र उभे राहते. पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना याच कामासाठी २००३चे नोबेल मिळाले.

चित्र एकदा नीट पाहण्यासारखे असते. एका प्रकारच्या चित्रात लघवी पांढरीशुभ्र, गाठ करडी आणि भिंतीचा स्नायू म्हणजे एक बारीक काळी रेषा. गाठीखालून ती रेषा अखंड गेली असेल, तर स्नायू बहुधा शाबूत आहे. करडा रंग तिला तोडून पलीकडे गेला असेल, तर स्नायूत शिरकाव झाला आहे. दुसऱ्या प्रकारचे चित्र पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपते. गाठीत पेशींची इतकी दाटी असते की भरल्या यात्रेतल्या माणसासारखे पाणी जागचे हलत नाही, आणि गाठ लख्ख उजळून दिसते. तिला देठ असेल तर तो मात्र काळसर राहतो, आणि देठ दिसणे हे चांगले लक्षण. तिसऱ्या प्रकारात शिरेतून गॅडोलिनियम देऊन पाहतात. आतले थर लवकर उजळतात, स्नायू उशिरा. त्याआधी मूत्रपिंडे नीट चालतात ना हे कळायला रक्तातले क्रिएटिनिन तपासलेले बरे.

या तिन्हींवरून १ ते ५ गुण देण्याची पद्धत रोमच्या व्हॅलेरिया पानेबियांको आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय सहकाऱ्यांनी २०१८मध्ये मांडली. तिचे नाव व्हाय-रॅड्स. १ म्हणजे स्नायू जवळपास नक्की सुरक्षित, ५ म्हणजे जवळपास नक्की बाधित, ३ म्हणजे कुंपणावर. अनेक अभ्यास एकत्र करून २०२०मध्ये काढलेल्या हिशेबात स्नायूत शिरलेल्या शंभरांतल्या ८३ गाठी या पद्धतीने पकडल्या गेल्या, आणि न शिरलेल्या शंभरांतल्या ९० बरोबर ओळखल्या गेल्या. तुकडा काढून तपासणे यामुळे टळत नाही. अस्तरावर सपाट पसरणारा कर्करोग तर या चित्रात दिसतही नाही. त्याला दुर्बीण आणि लघवीतल्या पेशींची तपासणीच हवी.

मग मिळते काय? वेळ. ब्रिटनमधल्या ब्लॅडरपाथ या चाचणीत, दुर्बिणीतून पाहताना ज्यांची गाठ खोल वाटली अशा रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या वाटेने खरवडायला पाठवले आणि निम्म्यांना आधी एमआरआयला. गाठ खरोखर स्नायूत शिरलेल्यांना योग्य उपचार सुरू होण्यास पहिल्या वाटेने मध्यमानाने ९८ दिवस लागले, दुसरीने ५३. दीड महिना वाचला, तोही दवाखाने जवळ असलेल्या देशात. आपल्याकडे दोन फेऱ्यांमध्ये एक सबंध गाळप हंगाम निघून जातो.

अट एकच : एमआरआय खरवडण्याच्या आधी व्हायला हवा. नंतर सूज आणि रक्तामुळे काळी रेषा धूसर होते, आणि निदान दोन आठवडे थांबावे लागते. मूत्राशयही बेताचे भरलेले हवे, साधारण ३०० मिलिलिटर. रिकामे असेल तर भिंत चुरगळते, आणि गच्च भरले तर रुग्ण कळ काढताना हलतो व चित्र बिघडते. जोडवी, मंगळसूत्र, करदोट्यातला ताईत बाहेर ठेवावे लागते. पेसमेकर असेल तर आधीच सांगायचे. आत मोठा ठोकाठोकीचा आवाज असतो, हे म्हाताऱ्या माणसाला कोणीतरी आधी समजावून सांगावे. घाबरलेला माणूस स्थिर पडून राहू शकत नाही.

हे आपल्या भागात कोण करणार? बारामतीसारख्या गावात आता एमआरआय होतो, आणि २०१९पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव आहे. ग्रामीण भागात शिस्तीने काम होते याचा पुरावाही शेजारी आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालयाने १९८७मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या ३४६ गावांत कार्यकर्ते फिरत, लोकांना लक्षणे विचारत आणि संशयितांना तपासणीला आणत. लाल लघवी हे त्याच तऱ्हेने गावोगाव विचारण्यासारखे लक्षण आहे. त्यासाठी यंत्र लागत नाही. आशाताईंच्या वहीत एक रकाना पुरतो.

खर्चाचा प्रश्न उरतोच. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया बसतात, आणि तिची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय २०२३मध्ये झाला. पण हा एमआरआय करायचा असतो शस्त्रक्रिया ठरण्याआधी, आणि त्या टप्प्यावर तपासणीचे पैसे बहुधा घरातूनच जातात. संशयित गाठीचा एमआरआय शस्त्रक्रियेच्या मंजुरीला जोडला, तर माणूस फाइल घेऊन मोठ्या रुग्णालयात पोचेल तेव्हा त्यात काळ्या रेषेचे चित्र आणि १ ते ५मधला आकडा असेल. आणि चिठ्ठीवर नुसते ‘पोटाचा एमआरआय’ न लिहिता ‘मूत्राशयाची गाठ, खरवडण्यापूर्वी’ एवढे लिहायला बारामतीतल्या किंवा इंदापुरातल्या डॉक्टरांना शासनाच्या कोणत्याही आदेशाची गरज नाही.