सत्तांतरे आणि बाळंतपणे

राज्य डळमळले की पहिला फटका बाळंतिणीला बसतो, असे आपण गृहीत धरतो. गेल्या वीस वर्षांचा हिशेब इतका सरळ निघत नाही. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातले, कोशाच्या विणकामासाठी ओळखले जाणारे आंधळगाव ज्या व्यवस्थेत येते तीच पाहा. महाराष्ट्रात २०१९ च्या नोव्हेंबरात राष्ट्रपती राजवट लागली. तेव्हापासून २०२४ अखेरपर्यंत मुख्यमंत्रिपदाच्या चार शपथा झाल्या. भंडारा जिल्हा परिषदेचा कारभारही मधल्या काळात प्रशासकाकडे होता. तरी राज्यात दवाखान्यातली बाळंतपणे २००५-०६ मधल्या ६५ टक्क्यांच्या आसपासवरून २०१९-२१ मध्ये ९५ टक्क्यांच्या घरात गेली. लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २००१-०३ मध्ये १४९ होते, ते २०१८-२० मध्ये ३३ वर आले. एका गावाचा असा दर काढण्यात अर्थ नसतो, कारण जन्मच मोजके. पण या घसरणीमागची माणसे गावातलीच आहेत: आशा, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविका. पाळी चुकली की नाव नोंदवणारी, पूर्व विदर्भात सिकलसेलची तपासणी झाली का हे विचारणारी, पहिलटकरीण माहेरी गेली तर तिकडच्या आशाताईला फोन करणारी.

महाराष्ट्रातली सत्तांतरे म्हणजे काही यादवी नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. मग नेपाळ घेऊ. तिथे १९९६ ते २००६ माओवादी युद्ध चालले, आणि त्याच दशकात मातामृत्यू ५३९ वरून २८१ वर आल्याचे पाहण्यांत दिसले. असे आकडे अंदाजी असतात, हेही खरे; पण उतार नाकारण्याइतके नव्हेत. तिथे १९८८ पासूनच्या महिला आरोग्य स्वयंसेविका गावच्याच होत्या, आणि २००२ मध्ये गर्भपात कायदेशीर झाला. उलट अफगाणिस्तानात २०२१ नंतर सत्ता एकाच हाती आहे, तिथे डिसेंबर २०२४ मध्ये मुलींचे सुईणपणाचे शिक्षणच बंद झाले. म्हणजे स्थैर्य असून उपयोग नाही. बाईपर्यंत पोचणारी बाई टिकते का, हे पाहावे लागते.

अर्थात आशाताई शस्त्रक्रिया करत नाही. अडलेल्या बाईला पुढे भंडारा, नाहीतर नागपूरच गाठावे लागते. आणि तिथेही सगळे आलबेल नसते: जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा नवजात बालके गेली. तिथे कमी पडली ती अग्निसुरक्षा, आणि तिचा खर्च वरूनच मंजूर व्हावा लागतो. म्हणून सरकार कोणतेही असो चालते, असे मी म्हणणार नाही. आशांनाही २०२३-२४ मध्ये संप करावा लागला, तेव्हा कुठे मार्च २०२४ मध्ये मानधनात पाच हजारांची वाढ मिळाली. सरकारी दफ्तरात त्या अजून स्वयंसेविकाच आहेत.