हजार तासांचा हिशेब

डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात इंडिगो कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि पुण्याच्या लोहगाव विमानतळावर अडकून पडलेल्या पाहुण्यांच्या हकिकती पाचगणीच्या बाजारपेठेत दुकानोदुकानी सांगितल्या जाऊ लागल्या, तेव्हा वैमानिकांच्या विश्रांतीसाठी केलेले नवे नियम हेच या गोंधळाचे मूळ होय, असा बहुतेकांचा ग्रह झालेला दिसला. त्यातच एका निवृत्त गणितशिक्षकांनी वैमानिकाच्या उड्डाणाची वार्षिक मर्यादा, म्हणजे १००० तास, ३६५ने भागून दाखवली आणि विचारले, "दिवसाला पावणेतीन तासांचे काम, आणि त्यावर पुन्हा विश्रांती?" भागाकार बिनचूक होता, परंतु त्या पावणेतीन तासांत काय धरले जाते आणि काय वगळले जाते हे प्रत्यक्ष पाहावे, म्हणून साप्ताहिक विश्रांतीसाठी पुण्याहून आपल्या आईकडे येणाऱ्या एका कॅप्टनच्या घरी मी गेलो.

सकाळचे अकरा वाजले होते. सिल्व्हर ओकच्या रांगेमागील त्या जुन्या बंगल्यात त्यांच्या आईने, म्हणजे काकूंनी, दार उघडले ते अगदी हलक्या हाताने. "आत्ताच झोपलाय. कुकर लावला नाही मी आज, शिटीनं जागा होतो," त्या कुजबुजल्या आणि आमटी साध्या पातेल्यात शिजत असलेल्या स्वयंपाकघराकडे मला घेऊन गेल्या. आतल्या खोलीला जाड काळे पडदे होते, दारावरची घंटा बंद केलेली होती. खुंटीवरच्या गणवेशाच्या कोटाला विमानाच्या इंधनाचा, घासलेटासारखा, मंद पण चिवट वास येत होता. मधूनच शाळेची घंटा झाली आणि त्या माउलीने काळजीने पडद्याकडे पाहिले. साऱ्या गावाचा दिवस चालू असता एका घरात अशी रात्र घडवून ठेवण्याचा तो खटाटोप माझ्या मनातून अद्याप जात नाही.

दुपारी कॅप्टन उठले. त्यांनी आदल्या रात्रीचा रोजनामा सांगितला तो असा. रात्री सव्वादहाला पुण्यातील बिऱ्हाड सोडले. सव्वाअकराला हजेरी, मद्यतपासणीसाठी श्वास देणे, हवामान व इंधनाचे कागद, विमानाभोवती फेरी. साडेबाराला विमान हलले, पावणेतीनला दिल्ली. पावणेचारला परत निघाले आणि सहाला पुण्यात थांबले. पावणेसात वाजता ते विमानतळाबाहेर पडले. तेथून पसरणीचा घाट चढून येताना ते मागच्या आसनावर बसतात. रात्रपाळीनंतर स्वतः गाडी चालवायची नाही, हा त्यांचा नेम.

या साडेआठ तासांपैकी उड्डाणनोंदीच्या वहीत चढले साडेचार, कारण उड्डाणाचा काळ मोजला जातो तो विमान निघण्यासाठी प्रथम हलल्यापासून उतरून अखेर थांबेपर्यंत. हजेरीनंतरचा व दोन उड्डाणांमधला काळ कामाच्या वेगळ्या खात्यात पडतो. घरापासून विमानतळापर्यंतचा तर कोणत्याच खात्यात पडत नाही. म्हणजे १००० तासांची वही भरण्यासाठी माणसाला त्याच्या जवळजवळ दुप्पट काळ घराबाहेर काढावा लागतो. आणि वहीतले तास जिथे काढायचे त्या विमानाच्या पेटीतील हवा २४०० मीटर उंचीवरील हवेइतकी विरळ असू शकते. पाचगणीची उंची सुमारे १३०० मीटर आहे.

"पण खरी गोष्ट ती नाही," कॅप्टन म्हणाले. "पहाटे चारचा तास आणि दुपारी चारचा तास वहीत सारखेच दिसतात. अंगात सारखे नसतात."

आठवड्याच्या ३५ तासांच्या मर्यादेपर्यंत वर्षभर दर आठवड्याला उड्डाण केले तर बेरीज १८२० होईल. तेव्हा १००० हा आकडा आजच्या नव्हे, महिन्यामहिन्यांनी अंगात साचत जाणाऱ्या थकव्याला आळा घालण्यासाठी आहे, हे उघड आहे. या विचाराला जुनी परंपरा आहे. १९३४ साली अमेरिकेतील राष्ट्रीय श्रममंडळाने वैमानिकाच्या उड्डाणाला महिन्याला ८५ तासांची मर्यादा घातली. बारा महिन्यांचे ते १०२० होतात. आज युरोपात सलग बारा महिन्यांत १००० आणि एका दिनदर्शिकेच्या वर्षात ९०० अशी दुहेरी मर्यादा आहे. पण तासांची गणना कितीही कडक केली, तरी रात्र आणि दिवस यांतील भेद तिच्यात उतरत नाही.

या भेदाची किंमत आपण मोजलेली आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून रात्री निघालेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरला उतरताना दरीत कोसळले आणि १५८ माणसे गेली. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाला ध्वनिमुद्रणावरून आढळले, की दोन तास पाच मिनिटांच्या नोंदीतील पहिला सुमारे एक तास चाळीस मिनिटे मुख्य वैमानिक झोपेत होते. जागे झाल्यावर सहवैमानिकाने पुनःपुन्हा विनवूनही त्यांनी उतरणे सोडले नाही. दीर्घ झोपेतून उठलेल्या बुद्धीवरील जडत्व आणि पहाटेचा शरीराचा स्वाभाविक मंदावलेला काळ, या दोहोंचा निर्देश अहवालात आहे.

म्हणूनच जानेवारी २०२४मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने काढलेले नियम मला न्याय्य वाटतात. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. रात्रीची व्याख्या पाचऐवजी सहापर्यंत वाढवली. त्या काळातील उतरण्याची संख्या सहावरून दोनवर आणली. १००० तासांना हात न लावता ते तास कोणत्या प्रहरी खर्च होतात याची दखल येथे प्रथमच एवढ्या गांभीर्याने घेतली गेली. अंमल लांबत गेला; न्यायालयात प्रकरण चालले; अखेर १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांची तजवीज झाली. दुसऱ्या टप्प्यानंतर महिन्याभरातच कोसळलेल्या वेळापत्रकाचे खापर नियमावर फोडणाऱ्यांनी ही जवळजवळ दोन वर्षांची मुदत ध्यानात घ्यावी. वैमानिक नेमून तयार करण्यास काळ लागतो हे खरे, पण तो काळ मिळालेला होता.

ज्या गावी डॉक्टर बिलिमोरियांनी १९१२ साली क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम काढले, जिथे मोकळी हवा आणि पडून राहणे हाच वर्षानुवर्षे रोग्यांचा मुख्य उपचार होता, त्या पाचगणीत तरी विश्रांतीला चैन समजले जाऊ नये. काकूंनी आम्हांपुढे चहा ठेवीत मुलाला विचारले, "आज रात्री तरी नीट झोपशील ना?" तो म्हणाला, "आजची रात्र आणि उद्याची, दोन्ही माझ्या आहेत." त्याच्या स्वरात आनंदापेक्षा हिशेबीपणा अधिक होता.

डिसेंबरच्या गोंधळात सरकारने त्या एका कंपनीस रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६पर्यंत सवलत दिली. प्रवाशांचे हाल पाहता तिची निकड समजते. परंतु अशी सवलत वैमानिकाच्या पहाटेतून वजा होते, आणि त्या पहाटेच्या विमानात बसणाऱ्या प्रत्येकाच्या सुरक्षिततेतूनही. १००० तास ही सीमा आहे, गाठावयाचे लक्ष्य नव्हे, हे धरूनच कंपन्यांनी माणसे नेमावीत. रात्रीच्या तासाचे वजन दिवसाच्या तासाहून अधिक मानावे. आणि "मी आज थकलो आहे" असे लिहून देणाऱ्या वैमानिकाला त्याबद्दल जाब देण्याची पाळी येऊ नये. गणितशिक्षकांच्या पावणेतीन तासांना माझे उत्तर एवढेच, की भागाकारापूर्वी तास पहाटेचे की दुपारचे हे विचारले पाहिजे.