मोठ्या फाइलपुढे अडणारा प्रिंटर

सुरतेची छपाई म्हटली की साडीवरची छपाई आठवते. पण कागदावरच्या छपाईची ओढही या शहराला जुनी आहे. इथले व्यापारी आणि ईस्ट इंडिया कंपनीचे दलाल भीमजी पारेख यांच्या खटपटीमुळे 1670च्या दशकात इंग्लंडहून छापखाना आणि हेन्री हिल्स हा मुद्रक मुंबईत आला. आपले ग्रंथ आपल्या लिपीत छापून निघावेत, ही भीमजींची इच्छा. हिल्सला देशी लिपीचे खिळे काही करता आले नाहीत आणि बेत फसला. यंत्र होतं, पण मजकूर त्याच्यापर्यंत पोहोचेल अशा रूपात नव्हता.

आज सुरतेतल्या उधना, लिंबायत, डिंडोली या खानदेशी वस्तीच्या भागांत झेरॉक्सच्या दुकानातला लेझर प्रिंटर अडतो, तेव्हाही दुखणं बहुधा याच जातीचं असतं. दहा पानांची बिलं झरझर निघतात. विद्यापीठाचा तीनशे पानी प्रबंध दिला की मध्येच दिवा लुकलुकतो आणि सगळं ठप्प. टेस्ट पेज काढावं तर लख्ख. मग टोनर बदलतात, ड्रम बदलतात, फ्युजरवर संशय घेतात. पैसे जातात, प्रबंध अडकलेलाच.

हे यंत्र गॅरी स्टार्कवेदर यांनी झेरॉक्स कंपनीत घडवलं. त्याचा स्वभाव ध्यानात घेतला की निम्मं कोडं सुटतं. कागद आत शिरला की लेझर-किरण ड्रमवर ओळीमागून ओळ लिहीत जातो. अर्ध्या पानावर थांबून पुढच्या ओळीची वाट पाहणं त्याला जमत नाही. इंचाला 600 ठिपके धरले तर ए-फोर पानावर साडेतीन कोटींच्या आसपास ठिपके होतात, म्हणजे चार एमबीहून जास्त. लहान कचेऱ्यांत वर्षानुवर्षं राबणाऱ्या कॅनन एलबीपी 2900ची मेमरी अवघी 2 एमबी. पानाची घडी घालून, दाबून ते आत बसवण्याचं काम संगणक करतो. साध्या मजकुराचं पान सहज दाबलं जातं. स्कॅन केलेला, डागाळलेला, छायाचित्रांनी भरलेला कागद दाबला जात नाही.

म्हणून पहिला प्रश्न एकच: यंत्र दर वेळी त्याच पानावर थांबतं का? थांबत असेल तर दोष त्या पानात आहे. ते पान वगळून पुढची काढा. मग ते एकटं, पीडीएफच्या छपाई-पर्यायांतलं 'प्रिंट ॲज इमेज' निवडून, गरज पडल्यास 300 ठिपक्यांवर द्या. गुजराती-मराठीचे जुने फाँट असलेल्या फाइलींत हा उपाय मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

दर वेळी वेगळ्या पानावर थांबत असेल तर यंत्राकडे पाहू नका, वायरीकडे पाहा. प्रिंटरला यूएसबीची वायर असेल तर तीच फाइल तिच्यावरून द्या. पूर्ण निघाली की गुन्हेगार नेटवर्क. एकाच आयपी पत्त्यावर दोन यंत्रं बसली असतील, तर छोटं काम निसटून जातं आणि मोठं मध्येच तुटतं. स्विच आणि प्रिंटर यांचा वेगाचा मेळ चुकला तरी तेच. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवणं हे दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते टाळलं जातं याचं वाईट वाटतं.

तिसरी जागा कोणी बघतच नाही: संगणकाची सी ड्राइव्ह. वीस एमबीची पीडीएफ छपाईच्या रांगेत लागताना फुगून कित्येक पट होऊ शकते. डिस्क भरलेली असेल तर काम अर्धवट लिहिलं जातं आणि प्रिंटरकडे अर्धवटच पोहोचतं. अशा वेळी स्पूलर (ही रांग सांभाळणारी विंडोजची सेवा) बंद करावा, 'स्पूल'मधल्या 'प्रिंटर्स' फोल्डरमधल्या अडकलेल्या फाइली काढाव्यात, जागा मोकळी करावी आणि स्पूलर पुन्हा सुरू करावा. प्रिंटर बंद-चालू केल्याने हा कचरा जात नाही. म्हणूनच जुनं काम पुन्हा डोकं वर काढतं.

उन्हाळ्यात सलग छपाईने तापलेलं लहान यंत्र आपणहून थबकतं, तो मात्र बिघाड नव्हे. त्याला निवू द्या.

दुकानदारांना एक विनंती: प्रबंध घेऊन आलेल्या विद्यार्थ्याची मुदत उद्याची असते. त्याला परत पाठवण्याआधी किंवा नव्या टोनरची ऑर्डर देण्याआधी फाइल पन्नास-पन्नास पानांत तोडून द्या आणि कुठलं पान अडतंय ते कागदावर लिहून ठेवा. दुरुस्तीवाल्याला त्या चिठ्ठीचा उपयोग नव्या ड्रमपेक्षा जास्त होतो.