ओट्याला क्वार्ट्झ बसवायचा का ग्रॅनाइट? ऑर्डर देण्याआधी हे वाचा

विश्रामबाग : दिवाळीनंतर गावाकडं घरांची कामं निघतात आणि मंडळी फरशी बघायला सांगली-विश्रामबागला येतात. आता ग्रॅनाइटच्या शेजारी पांढराशुभ्र क्वार्ट्झही दाखवतात. दिसायला एक नंबर. पण दुकानातल्या लाइटखाली छान दिसणारा दगड आपल्या स्वयंपाकघरात टिकंल का, हे आधी बघावं लागतं.

क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी. पण ओट्याचा क्वार्ट्झ हा खाणीतून कापून काढलेला अखंड दगड नसतो. गारगोटीचा चुरा साधारण 90 टक्के, बाकी रेझिन म्हणजे प्लास्टिकसारखं चिकट रसायन आणि रंग. हे सगळं कारखान्यात दाबून, तापवून त्याच्या लाद्या करतात. त्यामुळं त्याला बारीक छिद्रं जवळजवळ नसतात, तेल-पाणी आत मुरत नाही आणि सीलर मारावा लागत नाही. हा त्याचा मोठा गुण.

दोषही त्या रेझिनमध्येच आहे. साधारण 150 अंशांच्या पुढं ते खराब व्हायला लागतं. भाकरीचा तवा 200 अंशांच्याही वर जातो. असा तवा चुलीवरनं उतरवून थेट क्वार्ट्झवर टेकवला तर पिवळा डाग पडतो, कधी तडाही जातो. हा डाग घासून जात नाही. ग्रॅनाइट हे सहन करतो. ज्या घरात रोज दोन वेळा भाकरी होते आणि पाच-सहा हात ओट्यावर फिरतात, तिथं "खाली लाकडी पाट ठेवा" हे प्रत्येकाला किती दिवस सांगणार?

आणि हळद! सांगलीच्या हळदीला जीआय मानांकन आहे, ती रंगाला कमी नाही. पांढऱ्या क्वार्ट्झवर ओली हळद रात्रभर राहिली तर पिवळी छटा राहते. लगेच पुसली तर अडचण नाही. परसात, उन्हात भांडी घासायचा ओटा करायचा असेल तर क्वार्ट्झ नकोच, उन्हानं रेझिन पिवळं पडतं.

कडप्पा स्वस्त, पण तो चुनखडीचा दगड. लिंबू, चिंच, ताक सांडलं की पांढरट डाग धरतो. वरती ग्रॅनाइट आणि खाली आधाराला कडप्प्याच्या उभ्या फरशा, ही जुनी पद्धत अजून चांगली आहे. कृष्णा-वारणाकाठच्या गावांनी तर ओट्याखाली प्लायवूड घालूच नये. 2019 आणि 2021 च्या पुरात पाणी घरात शिरलं, तेव्हा दगडाला काही होत नाही पण प्लाय फुगून जातो, हे लोकांनी बघितलंय.

काळा ग्रॅनाइट घेताना एक करा. नेलपॉलिश काढायचं पाणी पांढऱ्या फडक्यावर घेऊन दगडावर घासा. फडकं काळं झालं तर दगड रंगवलेला आहे. मग थोडं पाणी टाकून दहा मिनिटं थांबा. दगड तिथं गडद पडला तर तो पाणी पितोय, त्याला सीलर लागणार.

भाव चौरस फुटावर असतो. 10 फूट लांब, 2 फूट रुंद ओटा म्हणजे 20 चौरस फूट. पण कडेचं मोल्डिंग, सिंकचं कटिंग आणि बसवायची मजुरी वेगळी धरतात, आणि उरलेल्या तुकड्याचे पैसे कोण भरणार हेही आधी ठरवा. सगळं कागदावर लिहून घ्या. शेगडीसाठी भोक पाडणार असाल तर त्याचे कोपरे गोल ठेवायला सांगा, काटकोनात कापलं की तिथनंच तडा सुटतो. ओट्याची उंची मिस्त्रीच्या अंदाजानं नको. जी तिथं उभी राहून राबणार, तिच्या कोपरापासनं चार-पाच इंच खाली ओटा आला पाहिजे.

आता दुकानदार सहसा सांगत नाही ती गोष्ट. क्वार्ट्झ कोरडा कापला की जी धूळ उडते त्यात सिलिका प्रचंड असते. ती फुप्फुसात बसून सिलिकोसिस होतो, आणि तो बरा करणारं औषध नाही. तरणी पोरं त्यानं दम लागून अंथरुणाला खिळल्यामुळं ऑस्ट्रेलियानं 1 जुलै 2024 पासून असल्या दगडावर देशभर बंदी घातली. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, पण क्वार्ट्झपेक्षा बरीच कमी.

आपल्याकडं मिस्त्री तोंडाला रुमाल बांधून अंगणातच मशीन चालवतो आणि बाजूला लेकरं खेळत असतात. रुमालानं ही धूळ अडत नाही. दगड कुठलाही घ्या, मापं देऊन कारखान्यातच पाणी सोडून कापून आणायला सांगा. घरी थोडंफार कापावंच लागलं तर मशीनवर पाण्याची धार धरायला लावा, मिस्त्रीला एन-95 मास्क द्या आणि लेकरांना, म्हाताऱ्यांना तोवर लांब ठेवा. खाली बसलेली धूळ कोरडी झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

आमच्या मते भाकरी-चटणीच्या घराला गडद, न रंगवलेला ग्रॅनाइटच बरा. माणसं कमी, स्वयंपाक हलका आणि पांढरा ओटाच हवा असा हट्ट असेल तर क्वार्ट्झ घ्या, पण वॉरंटीच्या कागदावर गरम भांड्याबद्दल काय लिहिलंय ते दुकानातच वाचून घ्या.