टर्नर सिंड्रोम : बीपी हाताचं बघा, पायाचंही बघा

वरणगाव-भुसावळकडच्या एखाद्या घरात मुलगी पंधरा-सोळाची झाली, पाळी आली नाही आणि वर्गात सगळ्यांत ठेंगणी राहिली, की आधी 'आजीवर गेली असेल' म्हणतात. मग लग्नाची काळजी लागते. शेवटी डॉक्टर रक्ताची कॅरिओटाइप तपासणी सांगतात आणि रिपोर्टवर '४५, एक्स' येतं. म्हणजे दोनपैकी एक एक्स गुणसूत्र नाही. काही जणींत ते अर्धवट असतं. साधारण दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीला हे असतं आणि त्यात आईबापाचा काहीही दोष नसतो. पुढची सगळी चर्चा मात्र उंची आणि मूलबाळ यांवरच अडते. जिवाला खरा धोका हृदयाकडून असतो, आणि तेच बघायचं राहून जातं.

हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला महाधमनी म्हणतात. तिच्या तोंडाशी तीन पाकळ्यांची झडप असते. टर्नर असलेल्या १५ ते ३० टक्के मुलींत ती दोनच पाकळ्यांची असते. काहींची महाधमनी हातांकडच्या फांद्या फुटल्यावर जन्मतःच अरुंद असते. मग अडथळ्याच्या अलीकडे रक्ताचा दाब चढतो, पलीकडे उतरतो. हाताचं बीपी १५० आणि पायाचं ११० भरलं, तर संशय इथेच घ्यायचा, कारण एरवी पायाचं बीपी हाताइतकं किंवा थोडं जास्तच असतं. जांघेतली नाडीही अशा वेळी मंद लागते. म्हणून पहिल्या तपासणीत दोन्ही हातांचं आणि एका पायाचं बीपी घ्यायला सांगा. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला तर आकडा खोटाच कमी येतो.

हा अडथळा नसतानाही प्रौढपणी जवळपास निम्म्या जणींचं बीपी वाढतं. कधी मूत्रपिंडांची ठेवण वेगळी असते, कधी वजन वाढलेलं असतं, पुष्कळदा कारण सापडतच नाही. काहींचं बीपी रात्री झोपेत उतरायला हवं ते उतरत नाही. ते दवाखान्यात कळत नाही, त्यासाठी २४ तास यंत्र लावावं लागतं.

आता टूडी इकोच्या रिपोर्टबद्दल, कारण फसगत इथेच होते. समजा महाधमनी ३.३ सेंटिमीटर रुंद आहे. धिप्पाड बाईच्या रिपोर्टवर या आकड्याने कोणी दचकणार नाही. पण आपली मुलगी १४० सेंटिमीटर उंच आणि ४५ किलोची आहे. उंची गुणिले वजन, भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ काढलं की शरीराचं क्षेत्रफळ १.३२ चौरस मीटर येतं. ३.३ ला १.३२ ने भागा : २.५. मोठ्या वयाच्या मुलींत हा भागाकार २ च्या वर गेला की महाधमनी फुगलेली समजतात, आणि २.५ च्या आसपास ती फाटण्याचा धोका बराच वाढतो. टर्नरमध्ये असं फाटणं तिशी-पस्तिशीतही होतं. वाढलेलं बीपी याच भिंतीवर रोज ताण देतं, म्हणून ते आटोक्यात ठेवायचं. झडप आणि महाधमनी नीट दिसण्यासाठी इकोबरोबर हृदयाचा एमआरआयही लागतो, आणि पहिला रिपोर्ट चांगला आला तरी दर काही वर्षांनी तपासणी करावीच लागते.

पाळीसाठी दिलेली हार्मोनची औषधं बीपीच्या भीतीने परस्पर बंद करू नका. दान केलेल्या बीजांडातून गर्भधारणेचा विचार असेल, तर आधी हृदयरोगतज्ज्ञांची परवानगी घ्या. गरोदरपणात महाधमनीवरचा ताण फार वाढतो आणि काही जणींना ते टाळण्याचाच सल्ला मिळतो.

अचानक छातीत किंवा पाठीत, खांद्यांच्या मध्ये, फाडल्यासारखी कळ आली तर ॲसिडिटी समजून घरी बसू नका. सरळ मोठं रुग्णालय गाठा आणि दारातच सांगा : हिला टर्नर आहे, महाधमनी बघा.