माती तांबडी, धरण मांजरा?

उन्हाळा लागला की आपल्या अंबाजोगाईच्या ग्रुपांवर एक फोटो हमखास फिरतो. भेगाळलेली जमीन, खाली ओळ: 'आपलं मांजरा धरण, हवामानबदलाचा फटका!' परवाचा मी मोठा करून पाहिला. माती चक्क तांबडी! धनेगावच्या या मांजरा धरणात तांबडी माती कुठून आली? आपली तर काळी.

गंमत म्हणजे २०१६ साली मांजरा खरंच आटलं होतं. याच धरणाचं पाणी पिणाऱ्या लातूरला १२ एप्रिलला मिरजेहून ५ लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे पोचली. गोष्ट खरी, चित्र उसनं.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की त्यातली तारीख, ठिकाण पुसलं जातं. उरते खालची ओळ, ती कुणीही बदलतो. फार फिरलेल्या मेसेजवर दुहेरी बाण दिसतो; असा मेसेज २०२० पासून एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो.

मोठेही चुकतात बरं का. २०१७ मधला उपाशी पांढऱ्या अस्वलाचा व्हिडिओ आठवतोय? त्या एका अस्वलाचं खापर हवामानबदलावर ठामपणे फोडायला नको होतं, असं 'नॅशनल जिऑग्राफिक'नं २०१८ मध्ये कबूल केलं.

शंका आली तर फोटो गूगल लेन्सला दाखवा, जुना पत्ता बऱ्याचदा सापडतो.

ग्रुपवर मी मातीचा रंग विचारला. उत्तर नाही, पाठोपाठ दोन गुड मॉर्निंग आले.